दारांतलें दार

गेल्या पौषांतली गोष्ट. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. छत्रपति संभाजीनगरांत त्या आठवड्यांत थंडी बरी पडली होती. पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरे, आणि कानटोपी, मफलर व लोकरीची शाल असा तिहेरी बंदोबस्त करून आम्ही ओसरीवर उन्हाची वाट पाहत बसत असूं. अशा एका सकाळीं कॅनडांतील एडमंटन शहरीं राहणाऱ्या आमच्या पुतण्याचा फोन आला. तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. क्षेमकुशल झाल्यावर तो म्हणाला, "काका, येथें आज उणे एकतीस आहे." आम्हीं आमची शाल निमूटपणें खांद्यावरून खालीं सरकविली. पुढें तो म्हणाला, "तुमच्याकडून एक निर्णय हवा आहे. मागल्या दाराला कुत्र्यासाठीं एक लहान दार पाडावें असें आम्हां दोघांच्या मनांत आहे. आई नको म्हणते. ती म्हणते, भावोजींना विचार. शास्त्र पाहून ते सांगतील तें मला मान्य."

या सदरांत आम्ही बहुधा सुभाषितें, शब्दांच्या व्युत्पत्ति आणि मुलांचें पाठांतर यांविषयीं लिहीत असतों. कुत्र्याचें दार हा कांहीं आमच्या अधिकाराचा विषय नव्हे. परंतु वडील वहिनींनीं निर्णय आमच्यावर सोंपविला, तेव्हां तो टाळणें योग्य नव्हतें. आम्हीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत ग्रंथ चाळले, ओळखीच्या एका जाणत्या सुताराला प्रश्न विचारले, गांवांतले चार दरवाजे नव्या नजरेनें पाहिले, आणि मुख्य म्हणजे वहिनींशीं दोनदां स्वतंत्र बोलणें केलें. त्यांतून जें निष्पन्न झालें तें वहिनींच्या संमतीनें येथें देत आहों. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलेंबाळें आज बर्फाच्या मुलखांत आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांच्या घरीं कुत्रेंही आहे. त्यांच्या हें उपयोगीं पडेल अशी आशा आहे.

प्रथम वस्तुस्थिति सांगतों. पुतण्या व सूनबाई दोघेंही सकाळीं आठाला कामावर जातात. नातू शाळेंत जातो. चार वाजेपर्यंत घरांत दोघेच असतात. एक आमच्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या वहिनी, आणि दुसरा नऊ वर्षांचा, तीस किलो वजनाचा, काळा लॅब्रॅडॉर जातीचा कुत्रा. त्याचें कागदोपत्रीं नांव कांहीं निराळें आहे. वहिनी त्याला काळू म्हणतात. नऊ वर्षें म्हणजे त्या जातीच्या कुत्र्याचें म्हातारपण. अशा जनावराला दिवसांतून पांचसहा वेळां तरी बाहेर जावें लागतें. दर वेळीं वहिनींनीं गुडघा सांवरीत उठावें, जाड कोट चढवावा, बूट घालावेत, दार उघडावें, तो जाऊन येईपर्यंत दाराशीं उभें राहावें, आणि मग पुन्हां सर्व उतरून ठेवावें. पायरीवर बर्फ कांचेसारखें गोठलेलें असतें. कार्तिकांत त्या पायरीवरून वहिनी घसरल्या. मनगट दुखावलें, आणि महिनाभर हात गळ्यांत बांधून होता. तेव्हां हा प्रश्न कुत्र्याच्या लाडाचा नव्हता. एका म्हाताऱ्या माणसाच्या हाडांचा होता.

इतकें असूनही खुद्द वहिनींचाच या दाराला विरोध. त्यांचे आक्षेप तीन होते. कुत्रें आपल्या मर्जीनें आंतबाहेर करूं लागलें म्हणजे घरांत सोवळें कसलें, हा पहिला. धडधाकट दाराला भोंक पाडणें अशुभ, घराची बरकत त्यांतून निघून जाते, हा दुसरा. आणि त्या भोंकांतून थंडी व रानांतलीं जनावरें आंत येतील, हा तिसरा. चौथा एक होता, परंतु तो त्यांनीं पहिल्या दिवशीं सांगितला नाहीं.

सोवळ्याचा आक्षेप आधीं घेऊं, कारण तो सर्वांत जुना. आपल्या ग्रंथांत कुत्र्याविषयीं दोन सूर ऐकूं येतात, आणि एक लपवून दुसराच सांगणें प्रामाणिकपणाचें नव्हे. स्मृतिकारांनीं कुत्र्याच्या स्पर्शानें अन्न दूषित मानलें. श्राद्धाचे ब्राह्मण जेवीत असतां त्याची दृष्टिसुद्धां पडूं नये असें मनुस्मृति सांगते. दुसरीकडे ऋग्वेदांत सरमा ही इंद्राची दूती पणींनीं दडविलेल्या गाईंचा शोध लावते, आणि ती कुत्री होती. वैश्वदेवाच्या वेळीं गृहस्थानें कुत्र्यासाठीं अन्नाचा भाग काढावा असा विधि आहे. दत्तात्रेयाच्या पायांशीं बसलेले चार श्वान म्हणजे चार वेद, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणारे नामदेव, आणि रामेश्वरासाठीं आणलेलें गंगोदक तहानेल्या गाढवाला पाजणारे पैठणचे नाथमहाराज, हे तर आपल्या घरांतलेच आहेत.

या दोन सुरांचा मेळ आपल्या पूर्वजांनीं कसा घातला? कुत्र्याला घांस द्यावा, पण उंबरठ्याबाहेर द्यावा. हा मेळ शहाणपणाचा होता. परंतु त्याच्या मुळाशीं एक गृहीत गोष्ट होती. आपल्याकडे उंबरठ्याबाहेर अंगण असतें, ओटा असतो, निंबाची सांवली असते. बाहेर राहूनही तें जनावर आपल्याच घरचें असतें. उणे एकतीस अंशांत उंबरठ्याबाहेर काय असतें? तेथें आंखूड केसांच्या कुत्र्याला कांहीं मिनिटांपलीकडे उभें राहवत नाहीं. पंज्यांच्या बोटांमध्यें बर्फाचे खडे धरतात, आणि कानांचीं टोकें हिमदंशानें जातात. ज्या नियमानें त्याला आपल्याकडे अंगण दिलें, तोच नियम अक्षरशः पाळला तर तिकडे त्याला मरण देतो. देश, काल व पात्र पाहून धर्म ठरवावा असें सांगणारेही तेच स्मृतिकार आहेत.

आणि थंडीच्या मुलखांतील कुत्र्याच्या दाराची सर्वांत मोठी गोष्ट तर आपल्याच महाभारतांत आहे. महाप्रस्थानिक पर्वांत पांडव हिमालयांतून चालले आहेत. द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम एकामागून एक पडतात. शेवटपर्यंत धर्मराजाच्या मागें राहतो तो एक कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो व म्हणतो, कुत्रें बाळगणाऱ्यांना स्वर्गांत जागा नाहीं, याला येथेंच सोडून चल. धर्मराज उत्तर देतो, कीं जो भक्तीनें आपल्या आश्रयाला आला त्याचा त्याग करून मिळणारा स्वर्ग मला नको. मग तो कुत्रा म्हणजे साक्षात् यमधर्म असल्याचें उघड होतें. वाचकांना ही कथा पाठ आहे. आम्हीं ती वर्गांत कितीदां तरी सांगितली. पण उणे एकतीस हा आंकडा ऐकल्यानंतर ती पुन्हां वाचली, तेव्हां प्रथमच ध्यानांत आलें कीं हें संभाषण हिमालयाच्या थंडीच्या वाटेवर, एका दारापाशीं चाललेलें आहे.

म्हणून पहिल्या आक्षेपाचा निर्णय आम्हीं असा दिला: कुत्र्यानें घरांत राहावें, देवघर व स्वयंपाकघर यांच्या तोंडाशीं गुडघाभर उंचीचें लांकडी कवाड लावावें व त्याच्या आंत त्यानें येऊं नये. एवढी मर्यादा त्याला शिकवितां येते. सोवळें तेवढ्यानें राहतें.

दुसरा आक्षेप दाराला भोंक पाडण्याचा. याचें उत्तर शोधायला आम्हांला फार लांब जावें लागलें नाहीं. आमचें गांवच दरवाजांचें. इ. स. १६१० च्या सुमारास मलिक अंबरानें खडकी येथें राजधानी वसविली. तिचेंच पुढें फतेहनगर, मग औरंगाबाद, आणि इ. स. २०२३ पासून छत्रपति संभाजीनगर झालें. मूळ नांव खडकावरून पडलें असें म्हणतात. इंग्रजी ग्रंथांतून मात्र तें 'खिरकी' असें लिहिलेलें आढळतें, आणि वाचणाऱ्याला तें खिडकीच वाटतें. मलिक अंबरानें मोंगलांवरील विजयाप्रीत्यर्थ इ. स. १६१२ मध्यें उभारलेला भडकल दरवाजा आजही उभा आहे. उत्तरेस दिल्ली, पूर्वेस जालना, दक्षिणेस पैठण व पश्चिमेस मक्का असे चार मुख्य दरवाजे. लहानमोठे मिळून बावन्न, असें लोक मोजतात.

आतां अशा दरवाजांचा दिवसाचा व्यवहार कसा चाले, याचा विचार करावा. हत्ती जाईल एवढी झडप एका माणसासाठीं कोणी उघडीत नसे. मोठ्या झडपेंतच माणूस वांकून जाईल एवढें लहान दार कापलेलें असे. त्याला दिंडी म्हणतात. इ. स. १७३२ त वास्तुशांत झालेल्या पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला अशी दिंडी आहे. झडपांवर हत्तीच्या धडकेविरुद्ध हातभर लांबीचे नसले तरी चांगले फूटभर टोकदार खिळे, आणि त्यांच्याच शेजारीं हें माणूसभर दार. एकाच वेळीं एकच जण, तोही मान लववून, आंत येऊं शके. म्हणून दिंडीनें दरवाजाचें बळ कमी झालें नाहीं, उलट वाढलें. मोठें दार वारंवार उघडूं नये, म्हणून त्यांत जाणाऱ्याच्या अंगाएवढेंच लहान दार ठेवणें, हें दिंडीचें तत्त्व. कुत्र्याच्या दाराचें तत्त्व याहून तिळमात्र निराळें नाहीं. वहिनी दिवसांतून सहा वेळां पूर्ण दार उघडीत व प्रत्येक वेळीं घराची ऊब बाहेर जाई. तीच खरी बरकत बाहेर जाणें होय.

परदेशांतही ही युक्ति जुनी आहे. चौसर या इंग्रज कवीच्या चौदाव्या शतकांतील एका कथेंत मांजराच्या येण्याजाण्याचें भोंक येतें. इंग्लंडांत एक्झिटर येथील कॅथीड्रलच्या एका दाराला इ. स. १५९८ च्या सुमारास, म्हणजे पैठणास नाथमहाराज हयात असतां, बिशपाच्या मांजरासाठीं सुतारांनीं गोल भोंक पाडलें. त्याची मजुरी आठ पेन्स पडली, आणि तें भोंक अद्याप दाखवितात. न्यूटननें मोठ्या मांजरासाठीं मोठें व पिल्लांसाठीं लहान अशीं दोन भोंकें पाडविलीं, ही गोष्ट आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें सांगत आलों. तिला भक्कम आधार नाहीं असें मागाहून वाचनांत आलें; जुन्या विद्यार्थ्यांची येथें क्षमा मागतों.

तिसरा आक्षेप थंडीचा व जनावरांचा. हा मात्र पूर्णपणें खरा आहे, आणि त्याचें समाधान शास्त्रवचनानें होत नाहीं, सुतारकामानेंच होतें.

हिवाळ्यांत तापविलेलें घर म्हणजे एक उभें धुराडें समजावें. आंतली उष्ण हवा हलकी असल्यामुळें वर चढते व माळ्याच्या बारीकसारीक फटींतून बाहेर पडते. तिची जागा भरून काढण्यासाठीं खालच्या फटींतून बाहेरची जड, थंड हवा आंत ओढली जाते. कुत्र्याचें दार जमिनीलगतच असावयाचें. म्हणजे घर जेथून बाहेरची हवा ओढतें, नेमक्या त्याच जागीं आपण वाट करून देणार. म्हणून नुसती एक लोंबती झडप लावून भागत नाहीं.

पहिली गोष्ट मापाची. दाराची रुंदी कुत्र्याच्या अंगाच्या सर्वांत रुंद भागाहून दोन इंच अधिक असावी. वरची कड त्याच्या खांद्याहून इंचदोन इंच वर, आणि खालची कड त्याला पोट न घासतां सहज ओलांडतां येईल इतकी ठेंगणी असावी. त्याहून मोठें केलें तर फुकट गॅस जळतो. लहान केलें तर म्हातारें जनावर त्यांतून जाण्यास कंटाळतें. काळूचा खांदा तेवीस इंचांवर भरला. आमच्या सुतारानें सुचविल्यावरून पुतण्यानें आधीं पुठ्ठ्याला तेवढें भोंक पाडून तो घरांतल्या एका दारांत उभा केला व काळूला त्यांतून चालविलें. करवत चालविण्यापूर्वीं पुठ्ठा कापावा, हा धडा शिंप्यापासून सुतारापर्यंत सर्वांना सारखाच लागू आहे.

दुसरी गोष्ट जागेची. वारा ज्या दिशेनें येतो तिच्या पाठमोरी बाजू निवडावी. खालची कड सांचणाऱ्या बर्फाच्या वर राहील हें पाहावें. मोटारीच्या खोलींतून घरांत येणाऱ्या दाराला असें भोंक कधींही पाडूं नये. कारण मोटारीचा विषारी धूर व आग यांना अडविणें हेंच त्या दाराचें काम असतें. भिंतींतून वाट काढावयाची तर आंतले खांब, विजेच्या तारा आणि ओल अडविणारा प्लॅस्टिकचा पडदा यांचा विचार करावा लागतो. पडदा जेथें कापला तेथें तो पुन्हां चिकटपट्टीनें जोडून घेतला नाहीं, तर घरांतली वाफ भिंतींत शिरून गोठते व पुढें लांकूड कुजतें. भिंतींतल्या बोगद्याचा तळ बाहेरच्या बाजूस किंचित् उतरता असावा, म्हणजे वितळलेलें पाणी आंत येत नाहीं.

तिसरी गोष्ट देवडीची. आपल्या जुन्या वाड्यांत दरवाजा ओलांडला कीं एकदम चौक लागत नाहीं; मध्यें देवडी लागते. थंडीच्या मुलखांत हीच रचना सर्वांत उत्तम. एका झडपेऐवजीं दोन झडपा, आणि दोहोंच्या मध्यें कुत्रें पूर्ण मावेल एवढी बंदिस्त जागा. कुत्रें बाहेरची झडप ढकलतें तेव्हां आंतली मिटलेली असते. मधली कोंडलेली हवा ऊब धरून ठेवते. झडपा समोरासमोर न ठेवतां एकीचें तोंड बाजूला फिरविलें तर वारा सरळ आंत घुसत नाहीं. झडपेच्या कडांना केसाळ पट्टी व खालीं लोहचुंबक असावें, म्हणजे ती आपल्या जागीं येऊन घट्ट बसते. साधें मऊ प्लॅस्टिक कडक थंडीनें ताठरतें, म्हणून थंडीसाठीं मुद्दाम केलेली झडपच घ्यावी. धातूची सलग चौकट टाळावी. ती बाहेरची थंडी सरळ आंत आणून पोंचविते.

चौथी गोष्ट वाफेची, आणि हिच्याकडे बहुतेकांचें दुर्लक्ष होतें. घरांतल्या हवेंत स्वयंपाकाची व स्नानाची वाफ असते. ती थंड झडपेवर जमते, थिजते, आणि झडप चौकटीला चिकटून बसते. अशा वेळीं कुत्रें बाहेर गेलेलें असेल तर तें बाहेरच अडकतें. म्हणून कडक थंडीच्या दिवसांत कोणीतरी दोन वेळां झडप हलवून पाहावी, हिमकण पुसून काढावे, आणि बाहेर गेलेलें जनावर किती वेळांत परत आलें याकडे लक्ष ठेवावें. हें काम कोणतेंही यंत्र करीत नाहीं.

पांचवी गोष्ट राखणीची. कुत्र्याच्या मानेच्या कातडीखालीं तांदळाच्या दाण्याएवढी खुणेची चीप बसविलेली असते. ती ओळखून फक्त त्याच्यासाठींच कुलूप उघडणारीं दारें आतां मिळतात. त्यांची बॅटरी थंडींत मंदावते, म्हणून तसलें दार आंतल्या, उबदार बाजूला बसवावें. तरीही एडमंटनच्या नदीकांठच्या झाडींत कोयोट म्हणून कोल्ह्यालांडग्यांच्या जातीचें जनावर हिंडतें, आणि दुर्गंध सोडणारे स्कंकही असतात. तेव्हां रात्रीं आंतून एक जाड फळी सरकवून वाट बंद करणें हाच जुना उपाय खरा.

राहिला प्रश्न भर थंडींत कापाकापी करण्याचा. उणे तीस अंशांत दार उघडें टाकून करवत चालवितां येत नाहीं, आणि फटी बुजविण्याचें लुकणही धरत नाहीं. येथें आमच्या सुतारानें फार चांगली तोड सुचविली. तो म्हणाला, "गुरुजी, असलेल्या दाराला हात कशाला लावायचा? त्याच मापाचं दुसरं आणा, खालच्या उबदार खोलीत निवांत कापा, आणि मग बिजागऱ्या काढून अर्ध्या तासात बदला. जुनं दार नीट जपून ठेवा." या एका तोडीनें दुसरा आक्षेपही उरला नाहीं, कारण घराचें मूळ दार अभंगच राहिलें. आमच्या संस्कृताला जें साधलें नाहीं तें त्याच्या पटाशीला साधलें.

येथें स्थानिक वाचकांना एक सूचना करून ठेवतों. हें वाचून आपल्या बंगल्याच्या दाराला कोणी भोंक पाडूं नये. आपल्याकडे थंडी वैरी नव्हे. तसल्या वाटेनें घूस, विंचू, प्रसंगीं नागही घरांत यावयाचा. वैशाखांत आपला पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हां आपल्या कुत्र्याला दार नको, सांवलींतलें पाणी हवें. आणि वर्षाच्या वर्षाला रेबीजची लस हवी.

तिन्ही आक्षेपांचीं उत्तरें तयार झालीं. तरी निर्णय कळविण्यापूर्वीं आम्हीं वहिनींना एकदां एकट्यांनाच फोन केला. मुलें कामावर गेलीं होतीं. आम्ही म्हणालों, "वहिनी, सोवळें झालें, बरकत झाली, थंडी झाली. तिन्हींचीं उत्तरें मजजवळ आहेत. पण तुमच्या आवाजावरून मला वाटतें, तुमचा आक्षेप यांतला कोणताच नाहीं."

बराच वेळ त्या बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "भावोजी, या घरांत सगळं आपोआप होतं. भांडीं यंत्र घासतं, कपडे यंत्र वाळवतं, माणूस आला कीं दिवे आपले आपण लागतात. मला उठून करावं लागतं असं एकच काम आहे. तो दाराशीं जाऊन उभा राहतो आणि माझ्याकडे बघतो. त्याला त्याचं दार करून दिलं, म्हणजे दिवसभरांत मला कोण हांक मारणार?"

आम्ही निरुत्तर झालों. मनगट दुखावलें तरी त्या दाराशीं कां उठून जात, हें तेव्हां समजलें. हा आक्षेप कोणत्याही स्मृतींत नाहीं, आणि सुताराला विचारण्यासारखाही नाहीं. त्या रात्रीं आम्हांला नीट झोंप आली नाहीं. दार करावें तर वहिनींचें काम जातें. न करावें तर पुढच्या वेळीं मनगटाऐवजीं खुबा मोडावयाचा.

पहाटे एक गोष्ट आठवली. वहिनींचें माहेर मराठवाड्यांतल्या खेड्यांतलें, घर धाब्याचें. अशा घरांना माळवदांत उजेडासाठीं व धूर जाण्यासाठीं एक भोंक ठेवलेलें असतें. त्याला सवणें म्हणतात. पाऊस आला कीं कोणीतरी धांवत माळवदावर जाऊन तें झांकावयाचें. आमचे बंधु हयात असतां वहिनी अनेकदां सांगत, कीं लहानपणीं हें काम त्यांच्याकडे असे. आभाळ भरून आलें कीं सारें घर त्यांच्याच नांवानें हांक मारी. भोंक असलेलें घर त्यांना परकें नव्हतें. भोंकाला राखण करणारें माणूस लागतें, हेंही त्यांना ठाऊक होतें.

दुसऱ्या दिवशीं निर्णय कळविला. तो पुतण्यानें लिहून घेतला. दार करावें. दोन झडपांचें, मध्यें देवडी ठेवून करावें. देवडीपासून अंगणापर्यंत पायरीऐवजीं खरखरीत फळीची उतरण करावी. रात्रीची फळी लावण्याचा व सकाळीं काढण्याचा अधिकार वहिनींचा राहील. झडपेवरचे हिमकण पाहणें, आणि आज दार उघडें ठेवावयाचें कीं नाहीं हें ठरविणें, तेंही त्यांच्याचकडे. त्या नाहीं म्हणतील त्या दिवशीं तें बंद. मग घरांतल्या कोणीही तक्रार करूं नये. पुतण्यानें विचारलें, "काका, हें शेवटचें कलम शास्त्रांत आहे का?" आम्ही म्हणालों, "तूं लिहून घे." खरें कारण आम्हीं त्याला तेव्हां सांगितलें नाहीं, तें पुढें वहिनींनींच सांगितलें.

माघांत दार बसलें. काळूला तें शिकवायला चार दिवस लागले. पहिल्या दिवशीं झडपा वर बांधून ठेवल्या, मग थोड्या थोड्या खालीं सोडल्या. नामदेवांना कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवावें लागलें. वहिनींनीं तुपाची पोळी दाखवून कुत्र्याला मागें यावयास लाविलें. फाल्गुनांत एका रात्रीं तेथें पारा पुन्हां फार उतरला. सकाळीं वहिनींनीं पाहिलें तों बाहेरची झडप चौकटीला गच्च चिकटलेली. त्यांनीं फळी लावून टाकली आणि सर्वांना बजावलें, आज दार बंद. त्या दिवशीं पुतण्या दुपारीं घरीं आला व काळूला स्वतः बाहेर नेऊन आला.

आतां चैत्र लागला आहे. परवां व्हिडिओ कॉलवर त्यांनीं आम्हांला तें दार दाखविलें. काळू आधीं वहिनींच्या खुर्चीपाशीं आला, उभा राहिला, आणि त्यांनीं "जा" म्हटल्यावर झडप ढकलून बाहेर गेला. दार स्वतःचें असतांनाही तो रोज असेंच करतो. सूनबाई म्हणते, ही जुनी संवय. वहिनी म्हणतात, ही मर्यादा. या वादांत आमच्याकडे अद्याप कोणी निर्णय मागितलेला नाहीं.